सांगाड्यांना ऑक्सिजन

३ मार्च, रविवार

साडू खेळायला आला नाही. फोन केला तर म्हणाला, एका शिकाऊ बाईंना पार्किंग शिकवतोय. साडू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. रविवारी दुपारी कोण पार्किंग शिकतं, हा प्रश्न मी विचारला नाही. माझा स्वभाव संशयी नाही.

थोड्या वेळाने त्याचाच परत फोन. खरं सांगतो म्हणाला. आपला गेम आता जगात कोणी खेळत नाही, कंपनीने नियमपुस्तकसुद्धा छापायचं बंद केलंय. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर जो क्लब आहे, तिथे तो गेले काही रविवार नवीन गेम शिकतोय. एप्रिलमध्ये तिथे जोड्यांची लीग आहे. मी विचारलं, मग आपली जोडी ना. तो म्हणाला, बघू. साडूच्या भाषेत बघू म्हणजे हो. इतक्या वर्षांत एवढं तर कळतं.

त्यामुळे काळजीचं कारण नाही. तरी दुपारभर जेवणाच्या टेबलावर दोन्ही सैन्यं मांडून बसलो होतो. माझे सांगाडे इकडे, साडूचे राक्षस तिकडे. दोन्ही माझीच, पण राक्षस तो खेळवतो. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक, एकेकाच्या डोळ्याची बाहुली मी स्वतः रंगवलेली. फासे समोर. टाकायला कोणी नाही.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. साडू सोडला तर मला मित्र नाही.

४ मार्च, सोमवार

चौकशी केली. नवीन गेम असा: लांबच्या कुठल्यातरी ग्रहावर खाणी, खाणींत दोन कंपन्यांचे कामगार, आणि खनिजासाठी मारामारी. कामगारांकडे ड्रिल, पाठीला ऑक्सिजनची टाकी. सैन्य छोटं लागतं. दोनच अटी. सैनिकाच्या हातात जे हत्यार असेल तेच त्याला वापरता येणार, आणि पायाखालची चकती गोल हवी. आमच्या जुन्या गेममध्ये चकत्या चौकोनी, म्हणजे सैनिक रांगेत खेटून उभे राहतात.

माणसं नवीन सैन्य विकत घेतात. मी घेणार नाही. कपाटात अख्खी फौज असताना विकत घेणं म्हणजे डोकं नसल्याची कबुली. प्लॅन फायनल: सांगाडे म्हणजे खाणकामगार. राक्षस म्हणजे खोदाईची यंत्रं. पंखवाला मोठा राक्षस म्हणजे वायुवीजन. सगळं बसतं.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, सांगाड्यांना ऑक्सिजन कशाला लागेल, फुप्फुसं कुठायत. ही वाचनालयात काम करते, त्यामुळे अशा शंका काढायची सवय आहे. मी म्हणालो, हा विज्ञानाचा नाही, कल्पनेचा खेळ आहे, तुला नाही कळायचं. तिने हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. पटलं असणार.

७ मार्च, गुरुवार

कामाचा झपाटा. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो, त्याचा असा फायदा होईल हे कधी सुचलं नव्हतं. चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या त्या मऊ गाद्या असतात ना, त्या दोन-दोन पाठीला चिकटवल्या की हुबेहूब ऑक्सिजनच्या टाक्या. भाल्यांची टोकं कापून तिथे बिजागरीचे बारीक स्क्रू. झालं ड्रिल. जुन्या फ्रेमच्या कानामागच्या टोप्या म्हणजे हेल्मेट. सांगाड्यांच्या मानाने ढगळ होतात, पण कामगारांना कुठे मापाची मिळतात.

साडूला फोटो पाठवला. त्याचा फक्त अंगठा आला. भारावला असेल. माणसाला शब्द सुचत नाहीत तेव्हा तो अंगठा पाठवतो.

१० मार्च, रविवार

साडूला पुन्हा पार्किंग. या गावात इतकी माणसं गाडी लावायला शिकतायत तर लावतात कुठे, कळत नाही.

बायको बहिणीकडे गेली. म्हणजे साडूच्याच घरी. मेव्हणीचा गुडघा दुखतोय म्हणून ही हल्ली दर रविवारी जाते. जाताना मोजायचा टेप घेऊन गेली. पडदे शिवायचे आहेत म्हणे. गुडघ्याच्या मानाने मेव्हणीला पडद्यांचा उत्साह दांडगा आहे.

मी एकटाच काम करत बसलो. रेडिओ लावला, बंद केला. घरात कोणी फासे टाकत नसलं की शांतता अंगावर येते.

१२ मार्च, मंगळवार, जेवणाची सुट्टी

आजचा दिवस ऐतिहासिक. चकत्यांचा प्रश्न सुटला.

दुकानात बाद झालेली भिंगं टोपलीत पडून असतात. प्लास्टिकची, मजबूत, पारदर्शक. आणि भिंग कापायचं मशीन तर मीच चालवतो. फ्रेम दाखवायची, मशीन तिचा आकार लक्षात घेतं आणि भिंग तसं घासून देतं. लहान मुलाची एक गोल फ्रेम काढून ठेवली. मालक जेवायला घरी जातात तेवढ्यात मशीन मोकळं असतं. आज दणादण भिंगं घासली. पारदर्शक चकत्या क्लबमध्ये कोणाकडे नसतील. साडू बघतच राहील.

१३ मार्च, बुधवार

किरकोळ अडचण. चकत्या गोल नाहीत.

घाईत मशीनला गोल फ्रेम दाखवायची राहिली. मशीनच्या डोक्यात आधीच्या गिऱ्हाइकाची फ्रेम होती, ती पायलट लोक घालतात तशी, खाली लोंबणारी. सगळ्या चकत्या त्या आकाराच्या झाल्यात. वर मशीन प्रामाणिक, त्यामुळे अर्ध्या डाव्या डोळ्याच्या आणि अर्ध्या उजव्या.

आधी सगळ्या चकत्या परत पिशवीत कोंबल्या. मग नीट विचार केला. गोल म्हणजे काय. ज्याला कोपरा नाही ते गोल. याला कोपरा नाही. शिवाय डाव्या डोळ्याचे सैनिक डाव्या बाजूला आणि उजव्या डोळ्याचे उजव्या बाजूला लावले तर युद्धाच्या गर्दीत ओळखायला सोपं. मुद्दाम केलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं.

१५ मार्च, शुक्रवार

सगळे सैनिक चौकोनी चकत्यांवरून उपटले. काहींचे पाय राहिले. ते गुडघ्यावर बसून खणतायत असं धरायचं. मग भिंगांवर चिकटवले.

भिंगं फुगीर असतात हे मला माहीत नाही असं नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण डोक्यात आलं नाही. टेबलावर ठेवले की सगळे डोलतात. पंखा लावला की अख्खी पलटण गोल फिरून पाठमोरी होते. ग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी आहे, हे एक उत्तर तयार ठेवलंय.

साडूचा फोन लागत नाही. लीगसाठी जोडीचं नाव द्यायची मुदत जवळ आलीय. त्याने दिलंच असेल. विचारून त्याला अवघडल्यासारखं करायला नको.

१७ मार्च, रविवार

बायको निघण्याआधी तिच्यापुढे सैन्याचं प्रात्यक्षिक केलं. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाली, अंतर चकतीच्या कडेपासून मोजतात, त्यामुळे एका बाजूला लोंबणारी चकती असेल तर सैनिक फिरवून फुकटात पुढे सरकवता येईल, पंच चालवून घेणार नाहीत. आणि आडोशाला उभा असलेला कामगार निम्मा तरी झाकलेला हवा, तुमचे डोलतात.

मी थक्क झालो. हिला हे कुठून कळलं? तर म्हणाली, नियमपुस्तक वाचलं. पर्समधून काढूनसुद्धा दाखवलं. पानापानांवर पेन्सिलच्या खुणा, कडेला बारीक टिपणं.

माझ्यासाठी. या बाईने माझ्यासाठी एवढं जाड पुस्तक वाचलं.  आपण हिला कमी लेखतो का, असा विचार क्षणभर मनात आला. मी म्हणालो, वाचलंस ते चांगलं केलंस, पण खेळ पुस्तकातून येत नाही. ती घड्याळ बघून बहिणीकडे गेली. टेप घेऊन. अजून पडदे.

१९ मार्च, मंगळवार

आज लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

सकाळी हेडमास्तरीणबाई चष्मा न्यायला आल्या. फ्रेम तयार. भिंगं नाहीत. ट्रेमध्ये ठेवली होती. मी ट्रे पाहिला, टोपली पाहिली, मग फौज ठेवलेल्या माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि लख्ख उजेड पडला. गेल्या आठवड्यात बाद भिंगं म्हणून जी घासली, त्यांत ती दोन होती. डाव्यावर पंखवाला राक्षस उभा आहे. उजव्यावर सांगाड्यांचा कप्तान.

बाईंना उद्या या म्हणालो. आत जाऊन कप्तानाला सोडवायला लागलो. गोंद चांगल्या कंपनीचा आहे. कप्तान घोट्यापासून तुटला, पाय भिंगावरच राहिले. तेवढ्यात मालक मागे येऊन उभे. त्यांनी भिंग हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि अगदी शांतपणे विचारलं, हे पाय कोणाचे.

मी खरं सांगितलं. खाणकामगाराचे.

२० मार्च, बुधवार

मशीनला हात लावायचा नाही. सुट्टीत दुकानात थांबायचं नाही. नाकाच्या गाद्या मोजून मिळणार. नवीन भिंगं माझ्या पगारातून. मालक ओरडले नाहीत, हे वाईट. ओरडले असते तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

बायकोला फक्त एवढंच सांगितलं की दुकानात काम वाढलंय. तिने माझ्या हातातला डबा घेतला. मग म्हणाली, रविवारी तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हणालो, रविवारी मी क्लबमध्ये जाऊन पंचांना सैन्य दाखवणार आहे, त्यानंतर बोलू. ती म्हणाली, त्याआधी बोललेलं बरं. मी म्हणालो, मला लक्ष केंद्रित करू दे.

साडूला सरप्राईज द्यायचं. तो दारात मला बघेल आणि सगळे बघू संपतील.

२४ मार्च, रविवार, दुपार

लाँड्रीच्या जिन्यात बसून लिहितोय. खालून इस्त्रीची वाफ वर येतेय. वर जाऊन आलो.

मोठी खोली, बरीच टेबलं. पंच म्हणजे एक लांब दाढीवाला मनुष्य, सगळे त्याला दाढीच म्हणतात. त्याला म्हणालो, मी साडूचा जोडीदार. त्याने कागदावर न बघताच सांगितलं, त्यांच्या जोडीदार तर आत खेळतायत.

जोडीदार. तर. आत.

खिडकीजवळच्या टेबलावर साडू. त्याच्या शेजारी, हातात आमच्या घरचा टेप, तोंडात पेन्सिल, वाकून आडोशामागून नेम बघणारी माझी बायको.

आधी वाटलं, मला बोलवायला आली असेल. काहीतरी झालं असेल घरी. मग तिने फासे टाकले. ज्या हाताने टाकले तो हात पहिल्यांदा टाकणाऱ्याचा नव्हता. समोरच्या दोन पोरांनी आपले मेलेले कामगार उचलून डब्यात ठेवले. साडूने तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर तो तशीच मारायचा, मी जिंकलो की.

पिशवीत सांगाडे डोलत होते, आवाज येत होता. दोघांनी वर पाहिलं. मी म्हणालो, सहज आलो होतो. आणि आलो खाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ती मागोमाग आली. जिन्यातच बसली, साडी वाफेने दमट झाली. मेव्हणीचा गुडघा उत्तम आहे. ती रविवारी नाटकाला जाते.

बायको म्हणाली, भांडायचं नाही, पण ऐका. लग्नानंतर तिने मला कितीदा तरी विचारलं होतं, मला शिकवाल का. मी दर वेळी म्हणायचो, फार किचकट आहे, तू चहा टाक. हे मला आठवत नाही. चहा आठवतो. हिवाळ्यात साडूला बहिणीचा निरोप द्यायला ती क्लबपर्यंत गेली, कोणीतरी आलं नव्हतं म्हणून रिकाम्या जागी बसली, आणि मग उठावंसंच वाटलं नाही. सांगायला चार वेळा तोंड उघडलं. मी चारही वेळा सैन्याबद्दल बोललो.

साडूही खाली आला. म्हणाला, तुला दुखवायचं नव्हतं रे, पण ती चांगली खेळते. मी विचारलं, माझ्यापेक्षा? त्याने जिन्याच्या कठड्याकडे बघितलं. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, रोज लोक त्याला भिंतीवर नेऊन आदळतात, तरी कोणाला वाईट म्हणत नाही. त्याने कठड्याकडे बघितलं म्हणजे झालंच.

फार वाईट वाटलं. रडायला आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

२५ मार्च, सोमवार

निर्णय. या दोघांशी खेळाबद्दल एक शब्द नाही. दुसरा जोडीदार शोधायचा, लीगमध्ये उतरायचं आणि त्यांनाच हरवायचं. माझ्यासारखा अनुभवी माणूस म्हटल्यावर लोक तुटून पडतील.

२७ मार्च, बुधवार

लाँड्रीवाल्याला विचारलं. त्याने माझी पावती मागितली. शेजारच्या दंतवैद्यांना विचारलं. त्यांनी दाढ दुखतेय का विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांचा रस गेला. शेवटी मालकांना विचारलं. म्हणजे परिस्थिती कुठवर आली होती ते समजावं. मालक सज्जन, बसले. मी नियम सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला जुन्या गेमचे नियम पाठ आहेत, नवीनचे नाहीत. तरी बोलत राहिलो. मालक बसल्या जागी झोपले. मी दुकान सांभाळलं.

२९ मार्च, शुक्रवार

दाढीचा फोन. पिशवी मी जिन्यातच विसरलो होतो, ती त्याला सापडली. सैन्य बघितलं म्हणाला. लीगमध्ये नाही चालणार. आकार राहू दे बाजूला, पण भिंगांना नंबर आहेत. चकतीतून खालच्या टेबलावरच्या खुणा पाहिल्या की दोन इंचांचे अडीच दिसतात. त्याने स्वतः खाली वाकून पाहिलं, त्याला घेरी आली.

मग म्हणाला, पण क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू का? लोकांना गंमत वाटेल. मी म्हणालो, ती गंमत नाही, फौज आहे. तो म्हणाला, हो, म्हणजे फौजेची. फोन ठेवला.

सांगाड्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मी एका केसाच्या ब्रशने रंगवल्या होत्या. सांगाड्यांना बाहुल्या नसतात हेही तेव्हा बायकोनेच सांगितलं होतं. तिला तेव्हा खेळायला घेतलं असतं तर, असं वाटून गेलं. नको. लिहायला नको होतं.

३१ मार्च, रविवार

ती दुपारी निघाली. या वेळी बहिणीकडे जाते म्हणाली नाही. टेप घेतला आणि मला विचारलं, येताय का, बसा नुसते. मी म्हणालो, मला कामं आहेत.

कामं केली. कपाट आवरलं. फौज क्लबवरच राहिली, त्यामुळे कपाटात जागाच जागा आहे. टेबल पुसलं. पुन्हा पुसलं. आमचं टेबल इतकं मोठं आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. काहीही मांडायला नसलं की घरातलं सगळंच वाढतं.

संध्याकाळी दोघं आले. सराव सामना जिंकून, एकमेकांचं बोलणं तोडत. मी पेपर वाचत होतो. साडूने पेपर खाली केला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी लीगचा पहिला सामना दुसऱ्या गावच्या क्लबमध्ये आहे. प्रत्येक जोडीला एक राखीव माणूस चालतो. खेळायला मिळेलच असं नाही. बहुतेक नाहीच. येशील का?

राखीव. मी. ज्याच्या टेबलावर हा माणूस फासे धरायला शिकला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. पेपर वर घेतला. तो उलटा नव्हता, पण वाचताही येत नव्हता.

४ एप्रिल, गुरुवार

अजून विचार चालू आहे. जायचंच झालं तर माझ्या अटी असतील. राखीव हा शब्द वापरायचा नाही, मार्गदर्शक म्हणायचं. दर फेरीला माझा सल्ला घ्यायचा. चहा मी आणणार नाही.

बायकोला अटी सांगणार होतो. ती नियमपुस्तकात डोकं घालून बसली होती. मी म्हणालो, तो आडोशाचा नियम मला पुन्हा एकदा सांगशील का. तिने खुर्ची सरकवून जागा केली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. फार किचकट आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. मला निम्मं कळलं. चहा मीच टाकला.

७ एप्रिल, रविवार, सकाळ

साडू दहाला गाडी घेऊन येणार. मी आठपासून बूट घालून दाराशी बसलोय. बायको दोनदा म्हणाली, आत तरी बसा. मी म्हणालो, इथे हवा चांगली आहे.

आत्ता साडूचा फोन आला. शाळेची गाडी आहे, शिकवायची, छोटी. मागच्या सीटवर दोन्ही क्लबांसाठीचे, टेबलावर मांडायचे थर्माकोलचे डोंगर, बोगदे आणि सैन्याचे डबे भरलेत. बायको पुढे बसेल. तो बिचारा अडखळत म्हणाला, तुझी बसायची पंचाईत होईल रे, या वेळी राहू दे का, पुढच्या वेळी नक्की.

मी म्हणालो, डबे मी मांडीवर घेतो.